नजर, टेन्शन आणि संप्रेरके

22 जुलै 2021 हा दिवस महाड-पोलादपूरच्या माणसांना तारीख सांगून आठवून द्यावा लागत नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि मोहल्ल्यांत शिरले. तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही डोंगर खाली आला. त्याआधी अकरा महिने, 24 ऑगस्ट 2020 रोजी, महाडमध्ये तारिक गार्डन ही इमारत पडून 16 जीव गेले होते. त्याच्याही आधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, सावित्रीवरचा जुना पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला होता.

अशा प्रत्येक घटनेनंतर पंचनामे होतात. किती घरे पडली, किती गुरे गेली, दुकानात किती माल भिजला, याची नोंद होते. एक नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात नसते. पूर ओसरल्यावर कोणाची पाळी दोन-तीन महिने आली नाही, कोणाची झोप उडाली ती परत आलीच नाही, कोणाचे वजन भराभर उतरले किंवा वाढले, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी कोणी सांगत नाही. घरात एखादी खाला म्हणते, ‘नजर लागली, फुंकर मारून घ्या.’ दुसरी म्हणते, ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल.’ शिकलेली मंडळी थोडे वेगळे बोलतात. ती म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नकोस.’

या तिन्ही वाक्यांचा परिणाम एकच असतो. मुलगी गप्प बसते. या अंकात आम्ही या गप्प बसण्याविषयी लिहीत आहोत, कारण ताण, अन्न आणि प्रजननाची संप्रेरके यांच्या नात्यावर गेल्या पन्नास वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातले काही आपल्या मुंबई-पुण्यातच झाले आहे. ते आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

शरीर हिशोब कसा करते

पाळी गर्भाशयातून येते, पण तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी आणखी दोन संप्रेरके रक्तात सोडते आणि ती स्त्रीच्या अंडाशयाला व पुरुषाच्या वृषणाला कामाला लावतात. जीएनआरएचची रचना 1971 मध्ये उलगडली आणि त्या कामासाठी रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांना 1977 चे नोबेल मिळाले.

पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट दाखवली. हे संप्रेरक तासाला साधारण एकदा, ठोक्याठोक्याने सुटले तरच यंत्रणा चालते. तेच सतत देत राहिले तर यंत्रणा बंद पडते. म्हणजे संप्रेरकाच्या प्रमाणाइतकीच त्याची लय महत्त्वाची आहे. ही लय बिघडली की पाळी पुढे जाते, अनियमित होते किंवा थांबते.

लय बिघडवणारी मुख्य कारणे दोन. एक, ताण. संकट आले की मेंदू वेगळी साखळी सुरू करतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. थोड्या वेळासाठी हे उपयोगाचे असते, त्यामुळेच तर पुराच्या रात्री माणूस गच्चीवर चढू शकतो. पण ही साखळी महिनोन्‌महिने चालू राहिली तर जीएनआरएचचे ठोके मंदावतात. दुसरे कारण, अन्न. शरीरात किती ऊर्जा शिल्लक आहे हे मेंदूला सतत कळत असते. चरबीच्या पेशींतून सुटणारे लेप्टिन हा त्यातला एक निरोप्या. ते 1994 मध्ये सापडले. साठा पुरेसा नाही असा निरोप गेला की मेंदू गर्भधारणेचे काम पुढे ढकलतो. जीव वाचवणे आधी, वंश वाढवणे नंतर, असा हा हिशोब आहे.

याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. उपासमार झालेल्या शहरांत असंख्य स्त्रियांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. अन्न परत मिळू लागल्यावर ती पुन्हा वाढली. त्या बायकांत काही दोष नव्हता. त्यांच्या शरीराने परिस्थिती ओळखली होती.

मग ताण जास्त दोषी की उपासमार? अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 मध्ये हे मोजून पाहिले. नियमित पाळी असलेल्या निरोगी तरुणींना पाच दिवस मोजून खायला दिले आणि मोजून व्यायाम करायला लावला. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींपेक्षा कमी उरल्या, तेव्हा संप्रेरकांची लय बिघडू लागली. फक्त पाच दिवसांत. म्हणजे श्रम हे एकटे कारण नव्हते. श्रमाच्या मानाने पोटात कमी पडणे, हे कारण होते.

आता आपल्याकडे पाहा. वाडीवरून एप्रिल-मे महिन्यात पाणी डोक्यावर आणणारी, सकाळी चहा-बटरवर घर सोडून एसटीने महाडला कॉलेजला येणारी, दुपारी वडापाव खाणारी आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी मुलगी. तिला कोणी उपाशी म्हणणार नाही. पण तिच्या मेंदूचा हिशोब वेगळा असू शकतो.

बारीक मुलींनाही होते

ऊर्जा कमी पडली की बिघडते, तशी ती चुकीच्या पद्धतीने साठली तरी बिघडते. पीसीओएस किंवा बोलीत पीसीओडी म्हणून जो त्रास आपण ऐकतो, त्यात अनेकदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करते आणि ते जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके वाढवायला भाग पाडते. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरुमे वाढतात.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील डॉ. बीना जोशी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या 15 ते 24 वर्षांच्या मुलींचा अभ्यास करून 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. रॉटरडॅम निकष लावले तर 22.5 टक्के मुलींत पीसीओएस आढळला. अधिक कडक निकष लावले तर 10.7 टक्के. या दोन आकड्यांतून एक धडा घ्यावा. सोनोग्राफीच्या एका कागदावरून मुलीवर आयुष्यभराचा शिक्का मारू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे अनियमितता असणे आणि अंडाशयात बारीक पुटके दिसणे हे अनेकींत नैसर्गिक असते. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. रॉटरडॅम निकषांनी पीसीओएस ठरलेल्या मुलींपैकी सुमारे 72 टक्के मुली स्थूल नव्हत्या. ‘ही तर बारीक आहे, हिला कसला पीसीओडी’ हे वाक्य इथे कोसळते.

हे समजून घ्यायला पुण्याची मदत होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. भारतीय बाळ दिसायला लहान आणि बारीक, पण त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. यालाच ‘बारीक-पण-चरबीदार’ भारतीय बाळ म्हटले गेले. म्हणजे आईच्या पोटातल्या कुपोषणाची खूण शरीर पुढे वागवते आणि वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसातही इन्सुलिनची गडबड होऊ शकते. सासू सुनेला दोष देते, तेव्हा त्या सुनेच्या आईने गरोदरपणात काय खाल्ले होते हा प्रश्न कोणी विचारत नाही.

‘टेन्शन’ची नवी नजर

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. ताणाचा परिणाम होतो हे खरे, पण प्रत्येक गोष्टीचे खापर ताणावर फोडणे ही जुन्या ‘नजरे’चीच नवी आवृत्ती आहे. दोन्हींत तपास थांबतो. पाळी बंद होण्यामागे थायरॉइड असू शकतो, प्रोलॅक्टिन वाढलेले असू शकते, रक्तक्षय असू शकतो, गर्भही असू शकतो. ‘टेन्शन’ म्हणून घरी बसवले तर यातले काहीच कळत नाही.

संशोधनही हेच संयमाने सांगते. 2011 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 14 अभ्यासांतील 3583 स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. उपचार सुरू होण्याआधी जास्त चिंतेत असलेल्या स्त्रियांचा आयव्हीएफ उपचार त्या चिंतेमुळे अपयशी ठरला, असे आढळले नाही. म्हणून मूल होत नसलेल्या बाईला ‘तू टेन्शन घेतेस म्हणून होत नाही’ असे म्हणणे केवळ निष्ठुर नाही, ते चूकही आहे.

पण ताणावर काम करून काहीच होत नाही असेही नाही. सारा बर्गा यांनी 2003 मध्ये पाळी थांबलेल्या 16 स्त्रियांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पाळीमागे दुसरा कोणताही आजार नव्हता. आठ जणींना वीस आठवडे समुपदेशन दिले. खाणे, व्यायाम, स्वतःविषयीच्या कठोर अपेक्षा यांवर त्यांच्याशी बोलले गेले. त्यांपैकी सात जणींत अंडाशयाचे काम पूर्ण किंवा काही प्रमाणात परत सुरू झाले. ज्यांच्यावर फक्त लक्ष ठेवले, त्या आठ जणींपैकी दोघींत. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगणे आणि कोणीतरी वीस आठवडे बसून ऐकून घेणे, यांत किती अंतर आहे हे त्यातून दिसते.

भावांनो, हे तुमच्यासाठीही

इथपर्यंत वाचून काही तरुणांना वाटले असेल की हा बायकांचा विषय आहे. तसे नाही. हायपोथॅलॅमस पुरुषालाही आहे. 2011 मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये 10 ते 15 टक्के घट दिसली. पोटाभोवती वाढलेली चरबी, मधुमेह, तंबाखू आणि सतत उष्णतेजवळचे काम यांचाही परिणाम होतो. एमआयडीसीतली रात्रपाळी, भट्टीजवळची नोकरी, आखातातला उन्हाळा, हे आपल्या मुलांचे रोजचे जगणे आहे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा सोबत असते. वीर्याची तपासणी ही साधी, कमी खर्चाची आणि वेदना नसलेली तपासणी आहे. तरीही आपल्याकडे बाईच्या चार सोनोग्राफ्या होतात, दोन दर्ग्यांच्या वाऱ्या होतात, दुसऱ्या निकाहाची कुजबुज सुरू होते आणि नवऱ्याने एकदाही तपासणी केलेली नसते. दुआ जरूर करा. पण तपासणी न करता बायकोवर ठपका ठेवणे हा अन्याय आहे आणि त्याला दीनाचा आधार शोधू नका.

कोकणातल्या मुस्लिम घरांसाठी एक साधा हिशोब आहे, तो कोणी मांडत नाही. ‘लग्नाला चार वर्षे झाली, अजून काही नाही’ असे म्हणताना नवरा कुवेत किंवा सौदीत किती महिने होता, हे मोजा. वर्षाकाठी दीड महिन्याची सुट्टी धरली तर चार वर्षांत सहा महिन्यांचे सहजीवन होते. वैद्यकशास्त्र वंध्यत्वाचा शब्द वापरते तो एकत्र राहून नियमित संबंधांची बारा महिने उलटल्यावर. शिवाय गर्भ राहण्याचे दिवस एका चक्रात साधारण सहाच असतात, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. सुट्टीचे चाळीस दिवस आणि हे सहा दिवस यांचा मेळ बसला नाही, तर तो दोष कोणाचा? यात वांझ कोणीच नसते, विमानाचे तिकीट मात्र असते.

रमजान, गोळ्या आणि गैरसमज

दोन व्यावहारिक गोष्टी. रमजानचे रोजे खंड न पडता पूर्ण व्हावेत किंवा घरात लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून थेट आणल्या जातात. पाळीच्या दिवसांत रोजा न ठेवण्याची आणि नंतर तो भरून काढण्याची मुभा दीनानेच दिली आहे. ती असताना डॉक्टरांना न विचारता संप्रेरकांच्या गोळ्या घेण्याचे कारण नाही. तसेच ‘पाळी आणणाऱ्या’ गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण पाळी का थांबली होती हे त्यातून कळत नाही.

मधुमेहाच्या किंवा पीसीओएसच्या गोळ्या चालू असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून वेळा ठरवून घ्या. आणि इफ्तारला फक्त भजी, शरबत, मैद्याचे पदार्थ आणि रात्री तीन तासांची झोप, असा महिना गेला तर शरीराच्या हिशोबात रोज्याचा फायदा कुठे उरणार? सहेरीला अंडे, डाळ, दही, भाकरी असेल तर दिवसही नीट जातो.

मग करायचे काय?

मुलींनी आपल्या पाळीच्या तारखा वहीत किंवा मोबाइलवर लिहून ठेवाव्यात. दोन पाळ्यांत 21 ते 35 दिवसांचे अंतर ठीक, कोवळ्या वयात 45 पर्यंतही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचे, शरम बाजूला ठेवायची. दीर्घकाळ पाळी बंद राहिली तर हाडेही कमकुवत होतात, म्हणून ‘बरेच झाले, कटकट गेली’ असे समजू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून देशात सुरू आहे आणि 10 ते 19 वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत सल्ला केंद्रे चालवणे हा त्याचा भाग आहे. आपल्या तालुक्यातले केंद्र कोठे आणि कोणत्या वारी चालते हे आशाताईंना विचारा. चालत नसेल तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मन जड झाले असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

जमातींकडेही आमचे मागणे आहे. निकाहाआधी मेहर, हॉल आणि जेवणाची बोलणी होतात, तिथेच दोन्ही बाजूंच्या साध्या रक्ततपासण्यांची बोलणी का नको? वर्षातून एकदा बायकांसाठी महिला डॉक्टरांचे आणि पुरुषांसाठी पुरुष डॉक्टरांचे बोलणे जमातखान्यात ठेवणे अवघड नाही. पुरानंतर मदतीचे कीट बांधताना तांदूळ-साखरेबरोबर डाळ, शेंगदाणे आणि पॅड्स ठेवणे तर त्याहून सोपे.

सरकारकडे मागणे असे की महाड आणि पोलादपूर हे दरवर्षी पावसाळ्यात जीव मुठीत धरणारे तालुके आहेत. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग पोलादपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, परळची संस्था त्याहून दूर. आपत्तीनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने गावात परत येऊन स्त्रियांची झोप, वजन, रक्तक्षय, पाळी आणि मन यांची विचारपूस करणारे पथक हवे. मुंबईच्या मुलींचा अभ्यास झाला, पुण्याजवळच्या गावांचा झाला. दरडीखाली राहणाऱ्या वाड्यांचाही व्हावा.

महाडच्या मातीत 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर माणसांनी पाण्याचा हक्क बजावला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. आणि त्याच 1927 च्या जुलैमध्ये र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, शरीराविषयी मराठीत उघडपणे बोलण्यासाठी. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, दंड झाला, पण मासिक 1953 पर्यंत चालले.

त्यांनी दंड भरून जे बोलणे चालू ठेवले, ते आपण घरातल्या चार भिंतींत तरी सुरू करू या. आज रात्री जेवताना आपल्या बहिणीच्या ताटात काय आहे ते पाहा, आणि ती शेवटी जेवत असेल तर तिला आपल्या शेजारी बसवा. सुरुवात तिथून होते.